मुठीतला चिंचोका

जालना,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८७०

प्रिय लतीफ,

मोठं मोठं अक्षर काढून लिहितो आहे, कारण तू मराठी अक्षर लावून लावून वाचतोस आणि मी दोनच इयत्ता शिकलेला. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस. महेमूदकडून तर मुळीच नको. तो तुझा मुलगा आहे, पण हे त्याच्यासाठी नाही.

धर्मराज कापसाच्या जिनिंगचं सामान आणायला हैदराबादला गेला होता तो काल परत आला. तुझा निरोप त्याने जसाच्या तसा दिला. म्हणाला, “लतीफमामूनं इचारलं, हलक्यावर जाऊ का उठू? भुजंगाला बराबर समजतंय म्हणले.” मग माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “मामूचं डोकं ठीक हाय ना?” मी म्हणालो, तुझ्यापेक्षा ठीक आहे. पुढचं त्याने सांगितलं तेव्हा निरोपाचा अर्थ लागला. महेमूद बायकापोरांना घेऊन कराचीला निघाला आहे. मुंबईहून बोट आहे. तुला सोबत चल म्हणतो. तू त्याला अजून हो म्हटलेलं नाहीस आणि नाहीही म्हटलेलं नाहीस. हलक्यावर जाणं म्हणजे जालना. जालन्याला परत यावं का, हे तू मला विचारतोस.

लतीफ, हे तू मला का विचारलंस? बाजारातून वांगी आणली तरी ती किडकी निघतील म्हणून मी रस्ताभर काळजी करणारा. कालपासून जेवण गेलं नाही. सकाळी पत्त्यांचा जोड काढला, चार डाव मांडले, चौघांचेही मीच खेळलो. बद्रीनाथचा डाव खेळताना बद्रीनाथसारखं नाक ओढलं. तो गेल्याला दोन वर्षं होत आली, पण त्याच्या वाट्याला अजून गुलामच येतात.

धर्मराजाला मी तो खेळ समजावला. म्हणालो, बाबा, हा आमचा निमानिम. जिनिंगचं इंजिन बसवायला जो गोरा साहेब आला होता, त्याने लतीफला शिकवला आणि लतीफने आम्हाला. प्रत्येकाला सात पानं. पहिली दोन झाकलेली, मधली चार उघडी, शेवटचं पुन्हा झाकलेलं. त्यातली पाच धरायची. दर पानाला मधे चिंचोके टाकायचे, नाहीतर पानं टाकून उठायचं. शेवटी मधल्या ढिगाचे दोन भाग होतात. निम्मा ज्याची पानं सगळ्यात भारी त्याला, निम्मा ज्याची सगळ्यात हलकी त्याला. त्याला हलकं असून जिंकतात हेच पटेना. म्हणाला, “मंग खेळायचं कशाला, हरायला?” तो गेल्यावर मला आपल्या दुपारी आठवल्या. पावसाळ्यात जिन बंद असायची, तू नमाज करून यायचास, तुझ्या बैठकीत सतरंजी पसरायची आणि पडद्यापलीकडे आमिनाभाभी बसायच्या. त्यांची झाकली पानं पडद्याखालून आत सरकवायची आणि उघडी अलीकडे मांडायची. आपण तिघं त्यांची पानं बघायचो आणि त्या आपले चेहरे बघायच्या, पडद्याच्या फटीतून. म्हणून जिंकायच्या त्याच.

आणि शेवटी मूठ. सातवं पान आलं की प्रत्येकाने हात मागे न्यायचा. भारीवर असेल त्याने मोकळी मूठ पुढे आणायची, हलक्यावर असेल त्याने मुठीत चिंचोका धरायचा, आणि सगळ्यांनी एकदम उघडायची. पडद्याखालून हिरव्या बांगड्यांची मूठ यायची. माझा हात घामाने इतका भिजायचा की उघडायच्या आधीच चिंचोका सतरंजीवर टपकायचा. बद्रीनाथ लगेच आपली मूठ मागे नेऊन बदलायचा. तू म्हणायचास, “भुजंगा, तुझी मूठ हाय का गळकी घागर?” आणि आतून भाभी, “भुजंगभाऊंच्या मुठीला कोणी कडी लावून द्या.” मी रुसायचो. मग चहा यायचा.

एकदा भाभींनी मुठीत दोन चिंचोके धरले होते, आठवतं? म्हणजे दोन्हीवर दावा, भारीही माझं आणि हलकंही माझं. एका बाजूला हरलं तर सगळं जायचं. तू घाबरलास. त्यांनी एक्क्यापासून पंजीपर्यंत ओळीने पाच पानं मांडली, ओळ म्हणून सगळ्यात भारी आणि आकड्यांनी सगळ्यात हलकी, आणि अख्खा ढीग पडद्याखाली ओढला. तसा हात मी पुन्हा कोणाचा पाहिला नाही. महेमूद इथेच राहावा आणि तूही इथेच, हा तसा हात होता. तो आता कोणाकडे नाही.

आता तुझ्या सवालाचं. तूच शिकवलेलं तुला परत सांगतो, चुकलं तर दुरुस्त कर. पहिली तीनही पानं हलकी असतील तरच हलक्याच्या मागे जायचं. दोन हलकी आणि एक राजा असं असेल तर पहिल्यालाच उठायचं. नंतर एक भारी आलं तर माफ, लागोपाठ दुसरं आलं की उठायचं, मागे टाकलेल्या चिंचोक्यांकडे बघायचं नाही. आणि आधी दुसऱ्यांसमोर काय पडलंय ते बघायचं. आपल्याला हवी ती तिर्री बद्रीनाथसमोर पडली असेल तर तिर्री आपल्याला येणं अवघड. मी हे कधीच पाळलं नाही. मी शेवटच्या पानापर्यंत बसून राहायचो, येईल येईल म्हणत. तू म्हणायचास, “एवढा जीव लावतो, तो बी निम्म्या ढिगासाठी.”

म्हणून तुझी उघडी पानं बघून आलो. आज सकाळीच तुझ्या गल्लीत गेलो. तुझं घर उभं आहे. कुलूप तसंच आहे, पावसाने न्हाणीकडची भिंत थोडी फुगली आहे, ती बांधता येईल. हे हलकं पान, चांगलं. जिन दिवाळीपासून सुरू झाली. इंजिन सुरू होताना जो आवाज करतं तो ऐकून मालक दोनदा म्हणाले, लतीफ असता तर हे खोकलं नसतं. हेही चांगलं. पण भादव्यात हिंदची फौज आली, तू गेलास, त्यानंतर गल्लीतली बरीच घरं बंद झाली, ती बंदच आहेत. रजियाआपा जाफराबादला भावाकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. कडूबा तुझ्या दारासमोर राहतो, तुझ्या घरचा शिरखुर्मा दर ईदला खाल्लेला माणूस. मी त्याला विचारलं, लतीफ आला तर कसं? त्याने विहिरीत बादली सोडली, ओढली, मग म्हणाला, “येऊ द्या की, आम्ही कुठं न्हाई म्हणून राह्यलो.” ते वाक्य मी घरी येईपर्यंत उलटंसुलटं करून पाहिलं. चांगलं पान की वाईट, मला ठरवता आलं नाही. तू ठरव.

भाभींच्या कबरीचं लिहू की नको, यात सारी दुपार गेली. लिहिलं तर तुला ओढल्यासारखं होईल, नाही लिहिलं तर पान लपवल्यासारखं. सब्जा लावला आहे. महेमूदच्या हाताने लावलेला वाळला होता, मी दुसरा आणला. गुरुवारी पाणी घालतो. रखवालदार आधी मला हटकायचा, आता घागर स्वतःच भरून ठेवतो. बस, एवढंच आहे.

आणि महेमूद, त्याची बायको, ती दोन लेकरं, ती तुझी भारी पानं. इकडे आलास तर ती हातातून गेली, मग निम्माच ढीग. तिकडे गेलास तर दुसरा निम्मा, पण त्यात हे घर नाही, कबर नाही, तो खोकणारा इंजिनाचा आवाज नाही. रात्रीपासून मी पानं मोजतोय आणि दर वेळी हिशेब एकच येतो, लतीफने परत यावं. चार वेळा मांडून पाहिलं, चारही वेळा तेच. तेव्हा मला माझाच संशय आला. जो माणूस आयुष्यभर चुकीच्या वेळी बसून राहिला, त्याचा हिशेब इतका नीट कसा येईल?

तर ऐक. माझी पुष्पा, मंठ्याला दिलेली, चंपाषष्ठीनंतर गाडी पाठवते आहे. म्हणते, बाबा, तुम्ही एकटे, डोळे अधू झालेले, जिनिंगच्या वजनकाट्यावर तुमच्या जागी आता दुसरा माणूस आहे, जालन्यात राहिलंय कोण? मी तिला अजून उत्तर दिलं नाही. तू आलास तर मी ती गाडी रिकामी परत पाठवणार. तू कराचीला गेलास तर गाडीत बसणार, आणि मंठ्यात मला निमानिम येणारा कोणी नाही. हे माझं झाकलेलं पान. वर तुझ्या पानांचं जे जे लिहिलं त्यात हे मिसळलेलं आहे, म्हणून ते सगळं थोडं कमी धर. मूठ आधी उघडणाऱ्याचं नुकसान होतं हे माहीत आहे. माझी आजवर घामाने उघडली, आज मी स्वतः उघडतो आहे, आणि आत चिंचोका आहे. आता तू तुझी उघड. मोकळी निघाली, म्हणजे कराचीची निघाली, तर मी बद्रीनाथसारखं काही बदलणार नाही. फक्त कबरीला पाणी घालायला कोणाला सांगून जाऊ, तेवढं तुझ्या हाताने लिहून कळव.

तुझाच,
गळक्या मुठीचा भुजंग