सहाचे चौदा

३ फेब्रुवारी २०२५

पाण्याच्या लोखंडी पाइपचा चौदा फुटी मनोरा. कॅमेरा फिरवायला त्यावर सायकलच्या बेअरिंगचं डोकं. वाऱ्यासाठी माइकला स्पंजची टोपी — शिलाईसुद्धा माझी. धावफलकाचा प्रोग्रॅम, तीनदा मोडून लिहिलेला. सगळं या हातांनी! शिक्षण दहावी. २०१६ साली कुंभारीच्या माळावरनं टेनिस बॉलची मॅच लाइव्ह दाखवली. त्याआधी इथं कुणी दाखवली असेल तर पुढं यावं.

पण अजून अकरा सेकंद उशीर. मैदानात विकेट पडते आणि घरी मोबाइलवर बॉलर अजून पळतच असतो. याला काय लाइव्ह म्हणायचं?

५ फेब्रुवारी

नऊ.

८ फेब्रुवारी

सहा! मैदानावरनं बायकोला फोन लावून ठेवला. मी "आउट" म्हणायचं, तिनं घरी मोबाइलवर दिसलं की "दिसलं" म्हणायचं. मधे स्टॉपवॉच. वीस वेळा केलं. शेवटी भुवनेश्वरी वैतागली — "आवो, सहा सेकंदांनी कुणाचं काय अडलंय? हितं माझा भात करपाया लागलाय की!"

११ फेब्रुवारी

स्पर्धा भरवणारा निंगप्पा एका पाहुण्याला घेऊन मनोऱ्यापाशी आला. पांढरे बूट, मातीत जपून पाय टाकणारा. त्यानं नेमकं उशिराचंच विचारलं. मोजता कसा? वाढवता येतो का? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं! आकडा कुठं बदलतो तेही दाखवलं. अर्धा तास. कॉमेंट्री करणारा इलाहीबक्ष माइक झाकून म्हणाला, "काय बे बिभीषण, सोयरीक जुळवाय लागलास काय?"

१३ फेब्रुवारी

तो पाहुणा सट्टेवाला निघाला. फायनलला सहाचे चौदा करायचे म्हणे! निंगप्पा हसतच — "चित्र तेच, आवाज तोच. कुणाला कळणार हाय?"

मला कळेल. घरी बघणारा माझ्या चित्रावर विश्वासून पैज लावणार, आणि चेंडूचं काय झालं ते यांच्या माणसानं मैदानातनं आधीच फोनवर कळवलेलं. ही लूट. आणि आकडा बदलायला मीच शिकवलं — हुशारी मिरवायला!

नाही म्हटलं तर फायनल दुसऱ्याकडं.

१५ फेब्रुवारी

इलाहीबक्षला सांगितलं. पानाची पिंक टाकून आला. "म्हणजे मी 'आउट' म्हणून घसा फोडणार, आणि तो शिळा करून वाढणार? मेरी आवाज बासी करते क्या रे?"

मनोऱ्याचे बोल्ट तपासले. परत तपासले.

१६ फेब्रुवारी

सकाळी मनोरा सोडवून टेम्पोत घातला. फायनलला दुसऱ्याचा कॅमेरा लागला. नाही म्हणालो मी. जादा आठ सेकंदांचे अडीच लाख देत होते.