अकरा मुद्दे

चि. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

आधी तक्रार. पत्रात तू क्रमांक घालून अकरा मुद्दे लिहिलेस. ‘दादा, कसा आहेस?’ हा बारावा काही सुचला नाही. मंगलाचरण नसलेला ग्रंथ आमचे गुरुजी उघडतसुद्धा नसत.

असो, मी ठणठणीत आहे. मी घरून निघताना तू माझ्या बॅगेच्या कप्प्याकप्प्यावर चिठ्ठ्या चिकटवल्यास, म्हणून परक्या खोलीत मला रोज मोजे सापडतात. ते उपकार मानायचे राहिले होते.

तुला ऑटिझम आहे, असे तू वाचून, पडताळून स्वतःच ठरवलेस आणि लहानपणापासूनच्या खुणा त्या अकरा मुद्द्यांत मांडल्यास. आई फोनवर म्हणाली, “डॉक्टरांच्या आधी हिनंच ठरवलं?” मी म्हटले, “डॉक्टरांकडे जाऊच. पण तिच्या डोक्यात चाळीस वर्षं राहिलंय कोण?” अजून धुसफुसते का ती? तू वेळेवर जेवतेस ना?

सर्वांआधी मला सांगितलेस, याचे फार बरे वाटले.

लहानपणी पाहुणे आले की तू कोठीच्या खोलीत जाऊन बसायचीस. ‘शिष्टपणा पुरे’ म्हणत मी तुला हात धरून बाहेर ओढायचो आणि पाहुण्यांकडून स्वतःचे कौतुक करून घ्यायचो. तुझ्या अकरा मुद्द्यांत ते कुठेच नाही. तू विसरलीस की मला सांभाळून घेतलेस, या काळजीत आहे.

तुझा,
दादा