आबांच्या श्वासातला पेरू

हट्टा, ता. ९ जानेवारी १९४१

तीर्थरूप संतरामदादास,
मनकर्णाचा नमस्कार. वि. वि. आई मजेत, बैल मजेत, पण आबा निम्मे राहिलेत. घागरभर पाणी पितात तरी घसा कोरडाच. महिन्याभरात अंगरखा खांद्यावरून घसरून राहिला. नवल असं, की त्यांच्या श्वासाला पिकल्या पेरूचा वास येतो. दार लावलं की खोली बागेसारखी दरवळते. आबा डोळे अर्धे मिटून म्हणतात, मी पेरूच्या झाडांखालून चाललोय, वाट सरतच न्हाई. गाव म्हणतं, देवाची कृपा झाली. बाया पाया पडून जातात. त्या वासात बसलं की मलाही गुंगी येते, मग भीती वाटते. तुमी तिथं कॉलेजात रसायनं शिकता, असल्याच वासांच्या बाटल्या हुंगता म्हणे, म्हणून विचारते. परीक्षेच्या नादात बहीण विसरू नका.
मनकर्णा

हैदराबाद, ता. १३ जानेवारी १९४१

चि. मनकर्णास आशीर्वाद.
पत्र उभ्यानंच वाचलं. त्या वासाचं नाव अ‍ॅसिटोन. रसायनांत अल्डिहाइड आणि कीटोन ही भावंडं. दोघांतही ऑक्सिजननं कार्बनला दोन्ही हातांनी धरलेलं असतं. ही जोडी कार्बनच्या साखळीच्या टोकाला असली तर अल्डिहाइड, मधे असली तर कीटोन, अन् नावाच्या शेवटी 'ओन'. अल्डिहाइड चांदीच्या पाण्यातून काचेवर आरसा चढवतं, कीटोनला ते जमत न्हाई. अ‍ॅसिटोन सगळ्यात लहान कीटोन, भुर्रकन उडणारं, म्हणून श्वासातून येतं. अंगाला साखर वापरता आली न्हाई की चरबी जळते, त्यातून ते तयार होतं. आमचे उस्ताद जलालुद्दीन साहेब पत्र वाचून म्हणाले, हा मधुमेह. गुंगी वाढली तर माणूस जागा व्हायचा न्हाई. इथल्या दवाखान्यात इन्सुलिनची सुई मिळते. पत्र पोचेल त्याच दिवशी आबांना अन् आईला वसमतच्या स्टेशनावर नेऊन हैदराबादच्या गाडीत बसव, मी इथं रोज गाडी बघतो. कृपा म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नको.
त्यांची वाट बघणारा,
संतराम

हैदराबाद, ता. ४ फेब्रुवारी १९४१

चि. मनकर्णास आबाचे आशीर्वाद.
बोल माझे, हात संतरामचा. तू बैलांचा कासरा धरलास तेव्हा मी तुला शिव्या दिल्या. लोक चाकापुढं उभे राहिले, देवमाणसाला दवाखान्यात काहून नेते म्हणाले. तू खाली उतरली न्हाईस, एवढंच मला आठवतं. खरं सांगू, ती पेरूची वाट फार सुरेख होती. परत यावंसं वाटत नव्हतं.

इथं माझी लघवी निळ्या पाण्यात उकळली, ती विटेसारखी लाल झाली. ती साखर, अल्डिहाइडच्या जातीची, असं संतराम म्हणतो. दुसऱ्या नळीत जांभळा रंग चढला, ते कीटोन. रोज तो फिका होत गेला, काल आलाच न्हाई. काल मी ज्वारीची भाकर मागून खाल्ली. तुझी आई पदर तोंडाला लावून रडली.

सुई आता जन्मभर. इथली नर्स खुर्शीदबी विचारत होती, गावात सुई कोण देईल. मी तुझं नाव सांगितलं. चौथीनंतर तुझी शाळा मीच बंद केली, तेही सांगितलं. ती म्हणाली, पोरीला पाठवा, सुईच काय, सगळं नर्सचं काम शिकवते. बैलांकडं शेजारचा दगडोबा बघेल. शुक्रवारच्या गाडीनं निघ. बापावर राग असला तर तोही घेऊन ये, पण ये.
तुझा आबा