एक सूत मोकळं

तीर्थरूप बाबांना लेकीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, आईला सांगा.

संगणकावर नकाशे काढते म्हणजे नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलंत. मी रेघा ओढत नाही. 'एवढं उंच, एवढं रुंद दार काढ' अशा ओळी त्याच्या भाषेत लिहिते, त्या वाचून तोच काढतो. याला स्क्रिप्ट म्हणतात. दोन महिने दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट वाचल्या, परवा पहिली स्वतः लिहिली. ती जमली तरच नोकरी पक्की होणार होती.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "दार सुंदर आहे गं, पण उघडणार कसं? चौकटीत चिणलंयस की!"

बाबा, सुताराच्या लेकीने दार चौकटीच्याच मापाचं काढलं होतं! लगेच तुमचा आवाज आठवला, "गिरमिटे, एक सूत मोकळं सोड." मी तशी ओळ लिहिली आणि त्या फटीला नाव दिलं, 'सूत'.

"हे काय?"

"इंचाचा आठवा भाग. आमच्या बाबांचं माप."

बाई हसल्या, पण नाव तसंच ठेवलं. आता इथल्या नकाशांतली दारं तुमचं सूत सोडून उघडतील.

नोकरी पक्की झाली. म्हणजे वर्षभर तरी रजा नाही, घरी येणं नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? खरं सांगा. माझ्या खोलीचं दार अजिबात वाजत नाही, कुणी आलेलं कळायचं नाही. तसं कुणी येत नाही म्हणा. आपलं स्वयंपाकघराचं दार अजून खाली घासून वाजतं का? इतक्यात तासू नका. मी आल्यावर ते एकदा उघडेन, मग तासा.

तुमची,
गिरमिट