शीतगृहाचं भाडं

मारांग, १९ जानेवारी

प्रिय नोरिझान,

सलाम. तू बरी असशील असं धरून चालते. इकडे पूर ओसरला. विहिरीचं पाणी अजून गढूळ येतं, पण घर धड आहे. पपईचं झाड मात्र आडवं झालं.

बऱ्याच वर्षांपूर्वी, शीतगृहाचा विषय निघाला त्या सकाळी मी नासी दागांगचा भात दुसऱ्यांदा वाफेला चढवला होता. टुनाचे काटे काढत होते, मध्येच नारळ खवत होते, मांजराला पायाने बाजूला सारत होते. तू आणि माझा नवरा, दोघं भाऊबहीण, मागच्या पायरीवर बसून भांडत होतात. सेरी बायू कंपनीला इथे मारांगला नवं शीतगृह बांधायचं होतं आणि पैसा उभा करायचं काम तुझ्याकडे आलं होतं.

"व्याजाच्या पैशावर बर्फ टिकत नाही, झान," तुझा दादा म्हणाला.

"बर्फ विजेवर टिकतो, दादा. तू मासे उतरव, आकडे मला बघू दे."

"आकडे बघ. पण सगळा पैसा सुकुकचा, बिनव्याजीच आण."

"सुकुक आणला म्हणून कंपनी आपोआप चांगली चालेल, असं वाटतं तुला?"

"हो," तो म्हणाला, आणि तू हसलीस. मीही हसले, कारण त्याच्या मिशीला भात लागला होता.

तू मधला मार्ग काढलास. शीतगृह सुकुकवर बांधलंस: लोकांनी पैसे घालून त्याचे मालक व्हायचं आणि कंपनीने त्यांना भाडं द्यायचं. ट्रक आणि बर्फाची यंत्रं साध्या, व्याजाच्या रोख्यांवर घेतलीस. तुझ्या दादाने निवृत्तीसाठी साठवलेली सगळी पुंजी शीतगृहात घातली आणि ईदला तुझ्या घरी जेवणं बंद केलं. पुढचं तुला ठाऊक आहे. त्याच्या जनाज्याच्या दिवशी तू अंगणातूनच परत गेलीस. त्याबद्दल मी आज काही लिहिणार नाही.

तो गेल्यावर घरात फार शांतता झाली. नमाज झाली, झाडलोट झाली की दिवस संपतच नसे. मग मी त्याच्या नावाने येणारे कंपनीचे वार्षिक अहवाल वाचायला घेतले. आधी शब्दकोश घेऊन, मग नुसतेच. मला पाहायचं होतं की तुमच्या दोघांत कोण बरोबर होतं. बरीच वर्षं काहीच कळेना. मासळी चांगली आली की दोन्ही कागदांवर कंपनी सारखीच चालायची. उलट तुझे साधे रोखे तिला थोडे स्वस्तच पडत. पण एक गोष्ट दिसली. शीतगृह दुसऱ्यांचं म्हणून दरवर्षी त्याची तपासणी व्हायची, छप्पर, दारं, रबराच्या पट्ट्या सगळं लागेल तसं बदललं जायचं. ट्रक कंपनीचे स्वतःचे, ते गंजत राहिले. हे सांगायला त्या दिवशी तुझा दादा हवा होता.

मग डिसेंबरचा पूर आला. शीतगृहात छातीएवढं पाणी आणि गाळ. भाडं थांबल्याची चिठ्ठी आली. नोरिझान, मला राग आला. त्या भाड्यावर माझं घर चालतं.

शेजारचे कोह तुला आठवत असतील, दादाचे बुद्धिबळातले सोबती. त्यांच्याकडे तुमचे साधे रोखे आहेत. त्यांचं व्याज ठरल्या दिवशी जमा झालं.

"बाई, तुमचा कागद पाच वेळा नमाज पढतो," कुंपणावरून ते म्हणाले, "माझा दिवसभर झोपा काढतो. पण तारखेला बरोबर उठतो बघा."

"तुमच्या कागदाला पाऊस पडला तेही कळलं नाही," मी म्हटलं.

"त्याला कशाला कळायला हवं? छत्री कंपनीने धरायची."

त्यांनीच मला गाडीतून कुआला तेरेंगानूला सुकुकवाल्यांच्या सभेला नेलं. हो, मी त्या सभागृहात होते. मागच्या रांगेत, खांबाआड. तुला दिसू नये म्हणूनच तिथे बसले. प्रश्न सरळ होता: विम्याचे पैसे मालकांनी वाटून घ्यायचे आणि शीतगृह मोडीत काढायचं, की त्याच पैशांतून ते दुरुस्त करायचं आणि चालू होईपर्यंत भाड्याविना थांबायचं. मी वाटून घेण्याच्या बाजूने हात वर करायचा ठरवून गेले होते.

माझ्या पुढचा जाडा गृहस्थ उठून ओरडला, "व्याजवाल्यांना मिळालं, मग आम्हाला का नाही? आम्ही हलाल पैसा घातला तो काय उपाशी राहायला?"

वाटलं, आता तू गोड बोलून वेळ मारून नेशील. तू उभी राहिलीस. केस किती पांढरे झाले तुझे.

"त्यांचं देणं भागवायला मी चार ट्रक विकले," तू म्हणालीस. "तुम्हालाही कुठून तरी काढून देता येईल आणि त्याला भाडं म्हणता येईल. पण ते भाडं नसेल. तुमची वास्तू बंद आहे. बंद वास्तूचं भाडं मी दिलं, तर जे टाळायला तुम्ही सुकुक घेतला ते व्याजच तुमच्या हातात ठेवलं असं होईल. आणि तुमचंही देणं या महिन्यात भागवावं लागलं असतं, तर कंपनी आज उभी नसती."

मग तू चष्मा काढून म्हणालीस, "माझा भाऊ या शीतगृहात मुकादम होता. तो म्हणायचा, भाडं खायचं तर गळक्या छपराखाली भिजायची तयारी हवी. मी त्याला वेड्यात काढलं होतं."

एवढ्या लोकांसमोर. तुझ्या नोकरीचं काय होईल याचा विचार न करता. मी इतकी वर्षं अहवाल वाचले, पण कंपनी कशावर चालते ते मला त्या क्षणी कळलं. घरी पोचल्यावर मी गाडीतून उतरताना कोह म्हणाले, "तुमची नणंद माझे रोखे सांभाळते, हे माझं नशीब."

थांबण्याच्या बाजूने जे हात वर झाले, त्यात खांबाआडून एक माझा होता. थोड्याच मतांनी निभावलं, असं नंतर ऐकलं. घरखर्चाचं म्हणशील तर मी केरोपोक, आपले माशाचे पापड, करून बाजारात देईन. मासे कुटायला हात अजून चालतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजनंतर मी दादाचे गमबूट घातले, फावडं घेतलं आणि आपल्या शीतगृहातला गाळ काढायला गेले.

तुझी वहिनी,
सलबिया