चार नंबरचं टेबल

सोलापूर
बुधवार

प्रिय पूनम,

शनिवारी तू हुतात्मा एक्सप्रेसनं येणार, रविवारी तुझ्या अम्माचं, काशम्माचं, सामान बांधणार आणि तिला पिंपरीला न्यायच्या आधी कारखान्यानं दिलेल्या त्या कागदावर तिची सही घेणार, असं आमच्या आईकडून कळलं. ‘मी स्वखुशीने काम सोडत आहे’ असं त्यावर छापलंय म्हणे. जी बाई तेवीस वर्षं चार नंबरच्या टेबलावर उभी राहिली, तिची यात खुशी कुठे आहे ते मला दाखव. पूनम, सही होऊ देऊ नकोस. तुझ्या अम्माला तिचं टेबल परत मिळालं पाहिजे आणि ते मिळवायची वाट मला सापडली आहे. मात्र त्या वाटेवर पहिल्याच पावलाला तुला मी आडवी दिसेन, म्हणून हे पत्र. फोन का केला नाही ते शेवटी लिहिते. मधेच फाडावंसं वाटेल. तुझा राग मला नवा नाही, सहावीत माझा कंपास तू खिडकीबाहेर भिरकावला होतास. तरीही शेवटपर्यंत वाच.

शाळा सुटली की आपण दोघी थेट अक्कलकोट रोडला कारखान्यात जायचो, आठवतं? चार नंबरचं टेबल काशम्माचं, पाच नंबरचं आमच्या आईचं आणि दोन्हींच्या मधे खाली पोत्यावर आपला अभ्यास. आई तेव्हा केम गावाहून नुकतीच आलेली, खुरपणी सोडून टॉवेल तपासायला लागलेली. तिला सुटलेली कड दिसायची नाही की तेलाचा डाग दिसायचा नाही. काशम्मानं महिनाभर तिला शेजारी उभं करून शिकवलं, निम्मं तेलुगूत आणि निम्मं खुणांनी. डब्यातली शेंगाची चटणी आधी आईच्या भाकरीवर पडायची आणि मग तुझ्या, त्यावरून तू किती भांडायचीस. आणि तो निळा खडू. टॉवेलात दोष दिसला की त्याभोवती खडूनं गोल करायचा, आणि जिला दिसला तिनं स्वतःच्या हातानं करायचा, ही काशम्माची शिस्त. एकदा आईनं डाग बघूनही गुपचूप घडी घातली होती. काशम्मानं ती घडी उलगडली, आईच्या हातात खडू दिला आणि आईनं गोल करेपर्यंत तिथून हलली नाही. आई अजून ते सांगते.

आता माझं ऐक. वरच्या मजल्यावर काचेच्या केबिनमध्ये बसून मी नक्की करते काय, असं तू नेहमी विचारतेस. कारखान्यात रोज काय घडतं त्याचा डेटा कंप्यूटरवर जमा होतो, त्याचे रंगीत तक्ते करून साहेबांना दाखवायचे, हे माझं काम. फेब्रुवारीत पृथ्वीराज साहेबांनी, म्हणजे मालकांच्या पुतण्यानं, हल्ली सगळा कारभार तेच बघतात, एक तक्ता मागितला. कुठल्या टेबलावर किती माल बाद होतो ते त्यांना हवं होतं. विणकाम खात्याचा मूळ डेटा सगळ्या खात्यांसाठी एकाच ठिकाणी सामायिक ठेवलेला आहे. पण माझा रिपोर्ट त्याला जोडायला परवानगी लागते, परवानगीला चार दिवस लागतात आणि साहेबांना तक्ता दुपारच्या आत पाहिजे होता. मी त्या डेटामधून कुणीतरी उतरवून ठेवलेली एक फाइल मागवली आणि तिच्यावर भागवलं. तक्ता झाला झकास. नऊ टेबलं हिरवी, एक लाल. बाकीच्या टेबलांवर दिवसाला पाच-सहा टॉवेल बाद आणि चार नंबरवर चाळीस. साहेब म्हणाले, म्हातारीला दिसत नाही, चांगला माल बाद करत बसते. एक मार्चला काशम्माला घरी बसवलं. तो रिपोर्ट मी केला होता. गेला महिनाभर तू फोनवर ज्याच्या नावानं बोटं मोडत होतीस तो माणूस मीच आणि मी पलीकडून ‘हो ना’ म्हणत होते.

त्या ‘हो ना’ची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या रिपोर्टचीही वाटत नाही. रिपोर्ट चुकला. ‘हो ना’ मी समजून उमजून म्हटलं. त्या लाजेनंच मला गेल्या आठवड्यात खाली चेकिंगला नेलं. दोन वर्षांत मी त्या जिन्यानं एकदाही उतरले नव्हते. टेबलांवर टॉवेलांचे ढीग तुंबलेले, बायका एकमेकींना विचारतायत आणि कुणीच ठरवत नाहीये. दहा नंबरच्या चन्नम्माला मी विचारलं, एवढं का साचलंय? ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “शंका आली की आमी माल कुणाकडं नेत होतो? काशम्माकडंच की. तिनं बाद म्हटलं की तिच्याच टेबलावर नोंद. आता कुणाला दावायचं, तुज्या रिपोर्टला?”

मी तिथेच पाच नंबरच्या टेबलाला टेकले. कारण हे मला ठाऊक होतं, पूनम. दिवसाला वीस वेळा आपल्या डोक्यावरून टॉवेल चार नंबरकडे जायचे, बायका ‘काशम्मा, जरा बघ की’ म्हणायच्या आणि काशम्मा तो उजेडात धरायची. ज्या टॉवेलाचा दोष सरळ दिसतो तो ज्याचा त्यानं बाद करायचा, पण ज्याच्याबद्दल खात्री नाही तो काशम्माकडे. ठरवणार ती, म्हणून खूणही तिची आणि नोंदही चार नंबरवर. अख्ख्या कारखान्यात हा आकडा बघून ज्या एकाच रिपोर्टवालीच्या हे लक्षात यायला हवं होतं, ती त्या टेबलाखाली पाढे पाठ करून मोठी झाली होती आणि तीच विसरली. दहा टेबलांच्या शंका जिनं अंगावर घेतल्या तिलाच मी लाल रंग दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

माझ्या फाइलमध्ये एकच रकाना होता, माल शेवटी कुठे बाद झाला. मूळ डेटात आणखी दोन आहेत. टॉवेल कुठल्या लूमवर विणला आणि आधी कुठल्या टेबलावर आला. उतरवणाऱ्यानं ते गाळले आणि मी विचारलं नाही. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं म्हणून साठवून ठेवतो ना, तसल्या हंड्याच्या तळाचं गढूळ पाणी बघून मी नळाला नावं ठेवली. मग मी विणकामाच्या सोमशेखर सरांकडे मूळ डेटाची परवानगी मागायला गेले. मला वाटलं, हाकलून देतील. ते चष्मा पुसत म्हणाले, “तोंडी मागितलंस तर मी तोंडी नाही म्हणेन. लेखी माग. मग नाही म्हणायला मला लेखी कारण द्यावं लागेल, अन् कारण तर माझ्याकडं काहीच न्हाय.” मी लेखी मागितलं. एरवी चार दिवस लागणारी परवानगी दुसऱ्याच दिवशी आली.

शुक्रवारी मी माझा रिपोर्ट त्या मूळ डेटाला जोडला. तक्ता तोच, फक्त खालची फाइल काढून टाकली. चार नंबरवरच्या चाळीसांपैकी चौतीस टॉवेल दुसऱ्या टेबलांवरून आलेले निघाले. काशम्माचे स्वतःचे सहा, सगळ्यांसारखेच. आणि त्या चाळीसांपैकी एकतीस अवघ्या तीन लूमवरचे. साहेबांनी गेल्या दिवाळीला स्वतः पसंत करून आणल्या त्याच तीन लूम. काशम्मा गेल्यावर बाद माल कमी झाला म्हणून साहेब खूश होते. मार्चमध्ये गेलेल्या मालातले गठ्ठे परवा परत आले आणि सगळे त्याच तीन लूमचे. म्हातारीला दिसत होतं, पूनम. तिलाच काय ते दिसत होतं.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, उलट चहा मागवला. हात दाखवून अवलक्षण कशाला करतेस, असं विचारलं. मूळ डेटाचं ते जोडलेलं काढ, जुनी फाइल परत लाव, विषय संपला, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, “मी जोडलंय ते मी तोडणार नाही. तोडायचं तर तुम्ही तोडा. कोणी तोडलं त्याची नोंद तिथं राहते.” चहा तसाच राहिला. रिपोर्ट आता सामायिक आहे. सोमशेखर सर तो उघडू शकतात, चेकिंगवाले उघडू शकतात, मोठे मालकही उघडू शकतात आणि त्यांनी उघडला. सोमवारी दहा वाजता त्यांनी सगळ्यांना बोलावलंय. त्या दिवशी मी केबिनमधून निघताना साहेब म्हणाले की चूक तुझीच होती हे मालकांना कळलं तर नोकरी राहायची नाही. त्यांना कळायची वाट कशाला बघायची, पहिलं वाक्य तेच बोलणार आहे मी. गेली तर गेली नोकरी. टॉवेल तपासायला शिकेन, शिकवणारी एक घरात आहे आणि एक तुमच्याकडे.

काल मी तुमच्या घरी गेले होते. काशम्मा उंबऱ्यात चिंच फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं, लॅपटॉप उघडून नवा तक्ता दाखवला. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साहेबांनी कागद देताना तिच्यापुढे जुना तक्ता नाचवला होता आणि खाली कोपऱ्यात माझं नाव होतं. महिनाभर ती तुझ्याशी रोज बोलली आणि तुला तिनं कळू दिलं नाही. मी म्हटलं, सोमवारी मी सगळ्यांसमोर चूक कबूल करणार आहे, तू तिथे पाहिजेस. ती आत गेली, डब्यातून निळ्या खडूचा तुकडा आणला आणि माझ्या हातात ठेवला. “मालकाला सांगायच्या आदी पूनमला सांग. फोनवर नको, लिहून दे. मंग येते मी.” एवढं बोलून ती परत चिंच फोडायला बसली. म्हणून हे पत्र, आणि म्हणून कागदावर. वर ‘तो रिपोर्ट मी केला होता’ या ओळीभोवती निळा गोल आहे. कुरिअरमध्ये पुसट झाला असेल, पण तो मी माझ्या हातानं केलाय. आता तू ठरव. माझ्याशी बोलू नकोस, हवं तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत बोलू नकोस. पण सोमवारी दहाला तिला कारखान्याच्या दारात आण आणि तो कागद सही न करता आण. खडू माझ्या पर्समध्ये आहे. तो मी तिला घरी येऊन परत देणार नाही, चार नंबरच्या टेबलावरच देणार आहे.

तू नको म्हणालीस तरी तुझीच,
उत्कर्षा