तेराव्या मशीनचा हार

६ ऑक्टोबर १९८६, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस! मुलुंडच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात मी, पद्मजा, कॉम्प्युटर ऑपरेटर. केबिनला चक्क एसी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवळासारख्या. आई म्हणाली, मग घंटाही असेल.

काम सोपं आहे. प्रेस मशीन बारा, कामगार तेरा. कोण कुठल्या मशीनवर किती डबे काढतो ते आकडे भरायचे. प्रोग्राम उद्याची वाटणी छापतो, अशी की एकूण माल जास्तीत जास्त निघावा. त्याला दोन्ही बाजू सारख्या लागतात, म्हणून यादीत एक खोटं तेरावं मशीन आहे. त्यावर नाव आलं की दिवसभर आराम. अर्थात तिथे सगळ्यात मंद माणूसच जातो. आज काशीरामकाका. मालवणचे, दिवाळीला रिटायर होऊन गावी जाणार. मला चेडवा, म्हणजे पोरी, म्हणतात. डब्यातली सोलकढी आग्रहाने पाजली.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

मशीनपूजा झकास झाली. हार मीच मागवले, यादी बघून, तेरा! एक उरला. पूजेचा हार फेकायचा कसा? मी हौसेनं शेडच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवला, जमिनीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. सगळे हसले. काकांनी मात्र हात जोडले. म्हणाले, "चेडवा, पुजलंस ना, आता ता नाय म्हणान चलाचा नाय." म्हणजे पुजलेलं मशीन आता नाही म्हणता येणार नाही.

१४ ऑक्टोबर

तेरावर पुन्हा काका. कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. दुपारी किंकाळी आली. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जवळचं मशीन वीस फुटांवर. फोरमन अंबादास म्हणाले, म्हातारा मध्येच उठून गेला असेल. पण रक्त फक्त हारापाशी होतं.

मला जेवण गेलं नाही. पूजा मी केली होती.

२२ ऑक्टोबर

काका पट्टी बांधून कामावर आले, रजा संपली. ते नव्हते तोवर माणसं बारा, तेरावं रिकामंच होतं. बोटं नाहीत, म्हणजे आणखी मंद. म्हणजे उद्या पुन्हा तेच.

यादीतून तेरावं मशीन पुसलं. कागदावर ते तसंच आलं. मॅनेजर श्यामसुंदर साहेबांना सांगितलं तर हसून म्हणाले, चहा घे, बरं वाटेल. शेवटी काकांचा आकडा खोटा वाढवला. तेरावर प्रेसवरच्या अनंतचं नाव आलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. लाज वाटते लिहायला.

२३ ऑक्टोबर

अनंतची चार बोटं. तो कोपऱ्यात गेलाच नव्हता, गेटवर चहा पीत होता. भजनात तबला वाजवायचा.

मी कुणाला वाचवलं नाही. फक्त माणूस बदलला.

२७ ऑक्टोबर

काकांच्या हातापाया पडून त्यांना गावी पाठवलं. त्यांचं नाव काढलं, अनंतचंही. उरले अकरा. कागद छापला. बारावं मशीन रिकामं. तेरावं नाही.

तेरा — पद्मजा.

माझं नाव मी भरलंच नव्हतं. आता दुसरं कुणाचंही घालता येईल. अंबादासचं, साहेबांचं. अर्धा तास बोटं बटणांवर होती —

नाही घातलं.

२८ ऑक्टोबर

डाव्या हातानं लिहितेय. उजव्याचं काही उरलं नाही. हात मशीनमध्ये सापडला, असं कारखान्यातले आईला म्हणाले. कुठल्या, तिनं विचारलं —

२९ ऑक्टोबर

हॉस्पिटलमध्ये आहे. अंबादास कागद घेऊन आले. ऑपरेटर नाही, तरी आपोआप छापून आला म्हणे. साधा हिशेब. हात गेला, मी सगळ्यात मंद. म्हणून आज मी. उद्या मी. परवा —

उशाशी झेंडूचा वास येतोय. हार कुणी आण

प्रेसचं ठक ठक ऐकू येतंय, आई, दार लाव, आई डावा हा